ट्रंकेतलं पासबुक आणि नावाचं स्पेलिंग

मागच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी टाकल्या होत्या, घरातलं जुनं पासबुक रद्दीत घालू नका म्हणून. त्यावर एवढी पत्रं आली की संपादक म्हणाले या वेळचा कॉलम सगळा त्यालाच देऊन टाका. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, एकसारखी होती ती एकत्र केलीत, नावं गाळलीत. मी बेळगावात बँकेच्या काउंटरवर तीस वर्षं काढलीत त्यामुळं बँकेचं जरा जास्त बोललं जाईल, सांभाळून घ्या.

सर, वडील २०११ ला वारले. गणपतीच्या आधी घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत तीन पासबुकं सापडली. एक सिंडिकेट बँकेचं, एक मलप्रभा ग्रामीण बँकेचं, आणि एक सांगली बँकेचं, ते मिरजेला नोकरीला होते तेव्हाचं. तिन्ही बँका आता नाहीतच म्हणतात. एकात आठ हजार दिसतात, बाकीच्यांची शाई उडालीय. पैसे बुडले म्हणायचं का?
— एक वाचक, खानापूर तालुका

बुडले नाहीत बघा. बोर्ड बदलला म्हणून खातं मरत नसतंय. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली, त्यामुळं जुनी शाखा जिथं होती तिथं किंवा जवळच्या कॅनरात जावा. सांगली बँक २००७ ला आयसीआयसीआयनं घेतली. मलप्रभाची गोष्ट जरा लांब आहे, २००५ ला ती आणि आणखी तीन ग्रामीण बँका मिळून धारवाडची कर्नाटक विकास ग्रामीण बँक झाली, आणि १ मे २०२५ पासून तीसुद्धा गेली, आता सगळ्या राज्याची मिळून एकच कर्नाटक ग्रामीण बँक, हेड ऑफिस बळ्ळारीला. म्हणजे तुमच्या वडिलांनी खातं उघडलं त्या बँकेचं दोनदा बारसं झालंय. बाकीच्यांसाठी पण सांगून ठेवतो, विजया बँक आता बँक ऑफ बडोदा, कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, स्टेट बँक ऑफ मैसूर एसबीआयमध्ये, आणि साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न २००६ पासून आयडीबीआयमध्ये.

आता पैशाचं काय झालं ते. खात्यावर दोन वर्षं तुम्ही स्वतः काही देवघेव केली नाही की बँक त्याला निष्क्रिय धरते, आणि दहा वर्षं कुणीच फिरकलं नाही की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा होते, डीईए फंड म्हणतात त्याला, २०१४ ला सुरू झाला. मुदत संपलेल्या आणि कुणी न नेलेल्या एफडीचं पण तसंच, दहा वर्षं मुदत संपल्यापासून मोजायची. तुमच्या वडिलांची खाती बहुतेक तिकडंच गेली असणार. पण तिकडं गेले म्हणजे सरकारजमा झाले असं नाही हां, खातेदार किंवा वारस कधीही मागू शकतो, मुदत नाही. आणि मागायला मुंबईला रिझर्व्ह बँकेत जायचं नाही, आपल्या बँकेतच अर्ज द्यायचा, बँक तुम्हाला पैसे देते आणि मग ती फंडाकडून वसूल करून घेते. व्याजाच्या खात्यावर व्याजही मिळतंय, फंडात गेल्यापासूनचा दर आधी ४ टक्के होता, जुलै २०१८ पासून साडेतीन आणि ११ मे २०२१ पासून ३. म्हणजे आठ हजाराचे लाख होणार नाहीत, पण आठाला आठच राहणार नाहीत.

शोधायचं कुठं, तर उद्गम नावाची रिझर्व्ह बँकेची वेबसाईट आहे, १७ ऑगस्ट २०२३ पासून चालू आहे, उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मोबाईल नंबर घालून ओटीपीनं रजिस्टर व्हायचं, खातेदाराचं नाव टाकायचं, बँक निवडायची, आणि पॅन, मतदान कार्ड, जन्मतारीख असलं काहीतरी एक, ते नसेल तर पत्ता. तीस बँका त्यात आहेत आणि देशातल्या असल्या पडून राहिलेल्या ठेवींचा साधारण ९० टक्के भाग त्यांच्याकडंच आहे. पैसे तिथून काढता येत नाहीत, फक्त कुठल्या बँकेत आहे ते कळतं आणि एक रेफरन्स नंबर मिळतो, तो लिहून घेऊन शाखेत जायचं.

आणि आता खरी मेख. उद्गमवर नाव टाकलं आणि "काही सापडलं नाही" आलं म्हणून नव्वद टक्के लोक तिथंच मोबाईल बंद करतात. अहो आपल्याकडं माणूस एक आणि त्याची स्पेलिंगं चार! मॅनेजर मंगळूरकडचा, क्लार्क धारवाडचा, खातेदार मराठी, फॉर्म भरणारा शेजारचा पोरगा. कन्नड माणूस "त" ला सरळ टीएच लिहितो, आपण नुसता टी, त्यामुळं मारुती दोन प्रकारे. लक्ष्मी एक्स घालून एकदा आणि केएसएच घालून एकदा. परशराम, परशुराम, परसराम. पाटील मध्ये आय एक की ई दोन. ज्योतिबा कधी वाय घालून, कधी वायशिवाय. वर आडनाव आधी की नंतर, बापाचं नाव पूर्ण की नुसतं इनिशिअल, हे त्या दिवशी काउंटरला कोण बसलं होतं त्यावर. माझ्या समोर एक म्हातारे आले होते, त्यांचं तीन बँकांत तीन आडनावं होती, एका ठिकाणी खरं आडनाव, एका ठिकाणी गावाचं नाव आणि एका ठिकाणी आडनावाच्या रकान्यात नुसतं "गवंडी", कारण त्यांनी धंदा सांगितला आणि लिहिणाऱ्यानं तेच लिहिलं. तर एक कोरा कागद घ्या, वडिलांच्या नावाची जेवढी स्पेलिंगं सुचतील तेवढी लिहा, घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला विचारा की लहानपणी गावात काय म्हणायचे, आणि एकेक करून टाकत जावा. पत्त्यात पण बेळगावी, बेळगाव, इंग्रजी बेलगाम, तिन्ही करून बघा, कारण शहराचं नाव सरकारी कागदावर बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला आणि तुमचं पासबुक त्याच्या किती आधीचं.

तुमच्याकडं तर पासबुकंच आहेत, म्हणजे खाते नंबर आहे, तुम्हाला उद्गमची गरजही नाही. शाई उडालेली पानं उन्हात तिरकी धरून बघा, पेनाची खूण उठते. ते पण नाही जमलं तर पहिल्या पानावरचा शाखेचा शिक्का आणि खातं उघडल्याचं साल घेऊन जावा, जुन्या लेजरवरून काढता येतंय, फक्त सोमवारी आणि एक तारखेला जाऊ नका, त्या दिवशी कोण तुमचं लेजर काढणार.

दादा, माझे मालक दोन वर्षापूर्वी गेले. पासबुकावर त्यांचं नाव एक, आधारवर वेगळं, आणि मरण दाखला कन्नडमध्ये, त्यावर तिसरंच. नॉमिनीत कुणाचं नाव नाही. खात्यात साडेतीन लाख आहेत. शाखेत गेलं की कोर्टाचं वारसा सर्टिफिकेट आणा म्हणतात, चार महिने झाले हेलपाटे घालालोय. आमचे दोन माग आहेत, रोज माग बंद ठेवून जाणं परवडत नाही.
— एक भगिनी, वडगाव

ताई, साडेतीन लाखासाठी कोर्टात जायची गरज पडू नये. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या दाव्याचे नवे नियम काढलेत. नॉमिनी नसेल आणि वारसांत भांडण नसेल तर कमर्शियल बँकेनं १५ लाखापर्यंत आणि सहकारी बँकेनं ५ लाखापर्यंत सोप्या पद्धतीनं दावा निकाली काढायचा, कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागायचं नाही. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत, आणि त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर वर व्याज. हे लागू करायला बँकांना ३१ मार्च २०२६ ची मुदत दिली होती, त्यामुळं "आमच्याकडं अजून आलं नाही" हे आता ऐकून घेऊ नका.

कागद असे गोळा करा. दाव्याचा फॉर्म बँकेतलाच. मरण दाखला. वारसांसाठी नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक ऑफिसात, वंशवृक्षाचा (घरातल्या वारसांच्या यादीचा) अर्ज, तलाठ्याची चौकशी होऊन मिळतो तो, त्यात मुलगी लग्न होऊन कोल्हापूरला गेलीय म्हणून तिचं नाव गाळू नका, तिथंच पुढं अडतंय. बाकीच्या वारसांचं ना हरकत आणि एक इंडेम्निटी बाँड, म्हणजे पुढं कुणी हक्क सांगितला तर बँकेचं नुकसान भरून देऊ असं हमीपत्र. आणि नावाच्या घोळासाठी स्टॅम्प पेपरवर नोटरीचं अॅफिडेव्हिट, की ही तिन्ही नावं एकाच माणसाची. त्यात तिन्ही नावं जशीच्या तशी, स्पेलिंगसकट लिहायला सांगा, नोटरीचा टायपिस्ट स्वतःच्या मनानं चौथं करून ठेवतो (हसू नका, माझ्या काउंटरवर आलेलं प्रकरण आहे). मरण दाखल्यावरचं नावच चुकलं असेल तर जन्म-मृत्यू नोंदणीकडं दुरुस्तीचा अर्ज टाका, ते एकदा नीट झालं की पीएफ, विमा, घरपट्टी सगळीकडं उपयोगी पडतं.

आणि तोंडी बोलू नका ओ ताई. अर्ज दोन प्रतीत, एकावर शाखेचा शिक्का आणि तारीख. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी नंबर १४४४८. बऱ्याच वेळा शिक्का मागितला की तिथंच काम हलतं.

जाता जाता, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तुमच्या स्वतःच्या खात्याला आजच लावून या. फक्त एक, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे घेतो आणि वारसांना देणं लागतो, यावरून किती भावाभावांत बोलणं बंद झालंय ते मी डोळ्यानं बघितलंय.

मी १९९४ ते २००७ उद्यमबागेत एका फाऊंड्रीत होतो. नंतर गोव्याला गेलो. त्या वेळी पीएफ काढला होता, मिळाला. फाऊंड्री बंद पडली. आता वय ६१. मित्र म्हणतो तुला पेन्शन पण बसते. खरं आहे का? पीएफचा एक जुना नंबर आहे पण यूएएन, तो नवा कायमचा नंबर, नाही.
— एक वाचक, मजगाव

तुमचा मित्र हुशार आहे, त्याला चहा पाजा. पीएफमध्ये दोन खिसे असतात आणि लोकांना एकच माहीत असतो. पगारातून कापलेलं आणि मालकाचं मिळून जे पीएफ, ते तुम्ही फॉर्म १९ भरून नेलंत. पण मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के दुसऱ्या खिशात जातात, ती पेन्शन स्कीम, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असेल तर त्या खिशातले पैसे पण एकरकमी निघतात, फॉर्म १०सी. पण दहा वर्षं पुरी झाली की ते काढता येत नाहीत, पेन्शनच बसते, वयाच्या ५८ ला. तुमची ९५ नोव्हेंबर ते २००७ धरली तरी अकरा वर्षांच्या वर होते. म्हणजे तीन वर्षांपूर्वीच चालू व्हायला पाहिजे होती, आणि आता अर्ज केला तरी ५८ पासूनची थकबाकी मिळते. फॉर्म १०डी.

रक्कम मोठी नसणार, आधीच सांगतो, त्या काळी पगाराची मर्यादा आधी ५,००० आणि २००१ पासून ६,५०० होती आणि तेवढ्यावरच हिशोब. सप्टेंबर २०१४ पासून कमीत कमी पेन्शन १,००० रुपये केलीय. हजार रुपये म्हणजे आजकाल दुधाचं बिल. पण तुमच्या मागं बायकोला पण बसते, ते लक्षात घ्या.

यूएएन २०१४ ला आला, त्याच्या आधी नोकरी सोडलेल्यांकडं नसतोच, घाबरू नका. जुना नंबर, पगाराची स्लिप, कामगार विम्याचं ईएसआय कार्ड, फाऊंड्रीचं नाव आणि पत्ता असलेलं काहीही घेऊन पीएफ ऑफिसला जावा. कंपनी बंद असेल तर फॉर्मवर मालकाच्या सहीऐवजी बँक मॅनेजर, पोस्टमास्तर, राजपत्रित अधिकारी यांची सही चालते. ऑफिस लांब पडत असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" म्हणून जिल्ह्याजिल्ह्यात कॅम्प लागतो, तिथं तोंडावर विचारता येतं. इथं पण स्पेलिंगचा घोळ आहेच, आधारवरचं आणि पीएफमधलं नाव जुळत नसेल तर आधी ते नीट करून घ्यावं लागणार.

निपाणीहून विडी कामगार बायकांची तीन पत्रं आहेत, त्यांनाही हेच उत्तर. विड्या वळणाऱ्यांना पण पीएफ लागू आहे, घरी बसून वळत असला तरी. कार्ड जपून ठेवलं असेल तर तेच सोनं. आणि एक बाई विचारतात नवरा कामावर असतानाच गेला, नोकरी तीनच वर्षांची, मग काय मिळणार. कामावर असताना माणूस गेला तर दहा वर्षांची अट नाही, एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवा पेन्शन बसते. शिवाय त्याच पीएफमधून विमा असतो, त्याचा फॉर्म ५आयएफ वेगळा, तो भरायचा राहून जातो.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. आजीला फॅमिली पेन्शन यायची, ती पडून कंबर मोडल्यापासून बँकेत गेली नाही, आता दीड वर्ष पेन्शन येत नाही. बंद झाली का कायमची?
— एक वाचक, येळ्ळूर

नाही ओ. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला राहिला असणार, त्यानं थांबते. दाखला दिला की चालू होते आणि मधली थकबाकी पण मिळते. आजीला उचलून न्यायची गरज नाही, जीवन प्रमाण अॅपवर मोबाईलनं चेहरा दाखवून घरबसल्या होतंय, पोस्टमनही घरी येऊन करून देतो, त्याची थोडी फी आहे. पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर, हाताशी ठेवा. पेन्शन आता स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या वेबसाईटवर, गेली असेल तर दाखला तिथं लागतो, नाहीतर बँकेत, आधी ते बघून घ्या. काही अडलं तर रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस आपल्याच बेळगावच्या कॅम्प भागात आहे, बाहेरच्या जिल्ह्यातले लोक गाडी करून येतात, तुम्हाला येळ्ळूरहून काय लांब.

आईनं वीस वर्षं पिग्मी भरली, एका सोसायटीत. एजंट वारला, सोसायटीला कुलूप. उद्गमवर काही दिसत नाही.
— एक वाचक, शहापूर

दिसणारच नाही. पिग्मी हा शब्द सिंडिकेट बँकेनं १९२८ ला काढला, घरोघरी जाऊन दोन आणे गोळा करायचे, आणि आपल्याकडं तो इतका रुजला की आता सोसायटी असो, सौहार्द सहकारी संस्था असो, पतसंस्था असो, सगळीकडं पिग्मीच. पण सोसायटी म्हणजे बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचा फंड तिला लागू नाही, उद्गम नाही, आणि बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखाचा विमा असतो तोही नाही. सोसायटी कुठल्या कायद्याखाली नोंदली होती ते आधी बघा, पावतीवर रजिस्ट्रेशन नंबर असतो. राज्याची असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडं विचारायचं की अवसायक, म्हणजे लिक्विडेटर, नेमलाय का, नेमला असेल तर त्याच्याकडं पावत्यांच्या झेरॉक्ससह लेखी दावा टाकायचा. बहुराज्य असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडं. मिळतीलच असं मी खोटं सांगणार नाही, कर्जवसुली किती होते त्यावर आहे. सहकारी *बँक* बुडाली असेल तर गोष्ट वेगळी, तिथं विमा आहे.

एलआयसीचे हप्ते चार वर्षं भरून सोडले होते. आणि वडिलांच्या नावचे एका कंपनीचे कागदी शेअर आहेत. दोन्ही गेलेच ना?
— बरेच वाचक

पॉलिसी जुनी असेल आणि तीन वर्षांचे हप्ते भरले असतील तर ती पेड-अप होते, मुदतीला कमी का असेना पैसे मिळतात. एलआयसीच्या साईटवर दावा न केलेल्या रकमांचं पान आहे, तिथं नाव, जन्मतारीख घालून बघा. विम्याचे पैसे दहा वर्षांनी ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातात आणि तिथून पुढं २५ वर्षं मागता येतात, म्हणजे इथं बँकेसारखं "कधीही" नाही. शेअरचं असं, सात वर्षं सलग डिव्हिडंड कुणी घेतला नाही की शेअर आयईपीएफ नावाच्या सरकारी प्राधिकरणाकडं जातात, फॉर्म आयईपीएफ-५ भरून परत मिळतात. ते काम चिकट आहे, वेळ लागतो, त्यावर पुढं कधीतरी सविस्तर.

एक माणूस घरी आला होता, तुमच्या सासऱ्यांचे पैसे शोधून देतो, वीस टक्के द्या, आधी पाच हजार द्या म्हणाला.
— एक भगिनी, टिळकवाडी

पाच हजार देऊ नका. वर जे जे सांगितलं त्यात पोस्टमनच्या थोड्या फीसारखं किरकोळ सोडलं तर फी नाही, निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँकही पैसे घेऊ शकत नाही. लागतो तो स्टॅम्प पेपरचा, नोटरीचा आणि झेरॉक्सचा खर्च. आणि फोनवर कुणी "रिझर्व्ह बँकेतून बोलतोय, तुमचे पैसे आलेत, ओटीपी सांगा" म्हणालं तर फोन ठेवा, रिझर्व्ह बँक कुणालाही असा फोन करत नाही. वकील लावायचा तर लावा, पण ज्याचं ऑफिस तुम्हाला माहीत आहे असा.

पोस्टातलं काय? सासूबाईंचं किसान विकास पत्र आहे, आणि दोन इंदिरा विकास पत्रं, त्यावर कुणाचं नावच नाही.
— त्याच भगिनी

नाव नाही कारण त्यावर नाव नसायचंच. इंदिरा विकास पत्र म्हणजे नोटेसारखं, ज्याच्या हातात त्याचं, १९९९ ला बंद झालं. हरवलं तर दुसरं मिळत नाही म्हणून आधी ते कपाटातून काढून प्लास्टिकमध्ये घाला आणि कुणाला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवू नका. किसान पत्रावर नाव असतं, तिथं नॉमिनी किंवा वारसाचे कागद लागतील. पोस्टातली मुदत संपलेली खाती तीन वर्षांत बंद केली नाहीत तर आता फ्रीझ करतात, कागद देऊन ती खुली होतात. हे सगळं उद्गमवर नाही, पोस्टातच जायला लागतं, हेड पोस्टात जावा, कॅम्पमधल्या, आणि सकाळीच जावा, दुपारी सर्व्हर डाऊन असतो.